शिखर जागेवर आढळले

कांता तायडे अठ्ठावन्न वर्षांची होईपर्यंत एकही डोंगर हौसेनं चढली नव्हती. चढली ती पगारासाठी. मेळघाटातल्या एका उपकेंद्राची आरोग्यसेविका म्हणून एकतीस वर्षं, खांद्याला लशीचा डबा, काखोटीला रजिस्टरं आणि पायात कॅनव्हासचे बूट. चौदा गावं, मधे सात नाले. गावं अशी की खालून हाक मारली तर वर ऐकू जाई, पण पोचायला दीड तास लागे. तिला कुणी गिर्यारोहक म्हटलं नाही. नर्सबाई म्हणत, आणि पावसाळ्यात तर तेवढंही म्हणायला कुणी वाटेवर भेटत नसे.

उपकेंद्राच्या भिंतीला खिळा होता आणि खिळ्याला सुतळीनं बांधलेलं शेरेबुक. भेटीला येणाऱ्या साहेबानं त्यात शेरा मारायचा, खाली सही, हुद्दा, तारीख. पण उपकेंद्रापर्यंत चालत येईल तो साहेब कसला! जीप चिखलदऱ्याच्या विश्रामगृहाशी थांबे. शिपाई फिरून वीस उपकेंद्रांची शेरेबुकं गाठोड्यात बांधून नेई, आणि कोंबडीचा रस्सा निवायच्या आत साहेब वीस डोंगर चढून उतरलेले असत. ‘आज रोजी भेट दिली. कर्मचारी हजर. काम समाधानकारक. नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट वाढवावे.’ एकदा तर कांता बाळंतपणाच्या रजेवर असताना हजर आढळली होती.

एकतीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे शेरे वाचले. स्वतः शेरा मारायचा हक्क तिला मिळाला तो थेट जर्मनीत.

तिचा मुलगा अनुप इंगोलश्टाटला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. त्याचं काम असं की गाडीचं दार लावलं की आवाज श्रीमंत यावा, डबा आपटल्यासारखा येऊ नये. कांता परतवाड्याला शेजारणींना सांगे, “पोरगं दारं आपटते. आठ तास.” सून धम्मदीपा म्युनिकच्या एका संस्थेत संशोधन करी आणि रोज रेल्वेनं जाई-येई. २००५ साली नात झाली, क्षमा. कांता त्याच वर्षी निवृत्त झालेली. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती नव्वद दिवसांचा व्हिसा काढून यायची आणि नव्वदाव्या दिवशी मुकाट विमानात बसायची.

पहिल्याच महिन्यात तिनं या देशाचा अभ्यास केला. रविवारी इथं खिळा ठोकायचा नाही. व्हॅक्युम लावायचा नाही. काचेच्या बाटल्या टाकीत टाकायच्या नाहीत, खळ्ळकन वाजतात म्हणून. दुकानं बंद. तिनं निष्कर्ष काढला, “रविवारी या लोकायले घरात आवाज कराची बंदी हाय. म्हणून सारे डोंगरात पळतेत.”

मग एका रविवारी तेही पळाले. दोन गाड्या बदलून आल्प्सच्या पायथ्याशी, तिथून तासभर चढून एका लाकडी झोपडीशी. ही तिथली पद्धत: अर्ध्या डोंगरावर एक हॉटेलवजा झोपडी असते आणि बहुतेकांचा डोंगर तिथंच संपतो.

“आई, इथंच बसू. केक चांगला असतो,” अनुप म्हणाला. “वर काही नाहीये.”

“काही नाही तं लोक कायले जाऊन रायले?”

“असंच. व्ह्यू.”

कांतानं पदर खोचला, साडी घोट्याच्या वर घेतली आणि निघाली. धडधाकट माणसं दोन-दोन काठ्या टेकत चालली होती. त्यांच्या बाजूनं ती, “सरका बापा, सरका,” करत वर गेली. माथ्यावर एक मोठा लाकडी क्रूस, क्रुसाच्या पायाशी पत्र्याची पेटी, पेटीत जाड रजिस्टर आणि रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं पेन.

सुतळी पाहिली आणि तिची खात्रीच पटली. शेरेबुक!

तिनं पानं चाळली. कुणी नुसतं नाव लिहिलेलं, कुणी हसरा चेहरा काढलेला, कुणी बदाम. एकानंही हुद्दा लिहिला नव्हता. “लापरवाह साहेब हायेत,” ती पुटपुटली, आणि खडकावर मांडी घालून तिनं आयुष्यातला पहिला शेरा लिहिला:

‘आज रोजी सदर शिखरास समक्ष भेट दिली. शिखर जागेवर आढळले. क्रूस सुस्थितीत. दोन्ही बाजूंच्या दऱ्या खोल व स्वच्छ. वाटेवर पिण्याच्या पाण्याची सोय नाही. दुसऱ्या वळणावर गायी आडव्या बसतात, बंदोबस्त व्हावा. एकंदरीत समाधानकारक. कांता तायडे, आरोग्यसेविका (सेवानिवृत्त).’

‘समक्ष’ या शब्दाखाली तिनं दोनदा रेघ मारली. खाली इंग्रजी अक्षरांत अनुपचा पूर्ण पत्ता लिहिला, कारण पत्ता नसलेल्या कागदाला उत्तर येत नाही.

“आई, ते गिप्फेलबुख असतं,” अनुपनं परतीच्या गाडीत समजावलं. “लोक फक्त नाव लिहितात. पोचल्याचा आनंद म्हणून.”

“मंग म्या काय दुःख लिवलं?”

दोन उन्हाळ्यांत तिनं अकरा शिखरांची तपासणी केली. तिसऱ्या उन्हाळ्यात, २००७ च्या जूनमध्ये, पाळी आली क्रेटेनश्टाइनची.

हा डोंगर जरा निराळा होता. माथ्याच्या आधी खडकाची एक अरुंद कड, डाव्या हाताला भिंत, उजव्या हाताला काही नाही. भिंतीला लोखंडी खुंट्या ठोकून त्यांतून पोलादी दोर ओवलेला, धरून चालायला. कांतानं दोर धरला आणि तिच्या हाताला कळलं. तिनं खुंट्या मोजल्या. खालून तिसरी एक बोट हालत होती. चौथीच्या बुडाला गंजाचं पाणी. त्या दिवशी, दहा जूनला, तिनं पाणी आणि गायी शेवटच्या ओळीत ढकलल्या. पहिल्याच ओळीत खुंट्या लिहिल्या. ‘जीवितास धोका. तातडीने कार्यवाही व्हावी.’

चोवीस जूनला ती पूर्तता पाहायला गेली. खुंटी दीड बोट हालत होती. आठ जुलैला दोन बोटं. दरवेळी तिनं शेरा लिहिला, मागच्या शेऱ्याचा संदर्भ देऊन, मोठ्या अक्षरात. तीन शेऱ्यांनी आठ पानं खाल्ली.

तिची झोप उडाली. जेवताना मधेच थांबायची. धम्मदीपानं विचारलं तेव्हा तिनं बुधियादाईची गोष्ट सांगितली. मेळघाटातल्या एका नाल्यावर लाकडी साकव होता. त्याची मधली फळी कुजली. कांतानं दर महिन्याच्या अहवालात ते लिहिलं, सलग चार वर्षं. वरून दर महिन्याला ‘नोंद घेतली’ असं यायचं. पाचव्या श्रावणात गावची दाई, बुधिया, बाळंतपणाला निघाली ती फळीतून खाली गेली. कोसभर अंतरावर सापडली. दोन दिवसांत नवी फळी बसली, आणि पुढच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं, ‘साकव सुस्थितीत.’

“त्या कड्यावरून लेकरं जातेत दीपा,” कांता म्हणाली. “इवलाली. आपल्या क्षमापेक्षा बोटभर मोठी.”

आणि मग खरंच पत्र आलं. जर्मनीत पत्र आलं की माणूस आधी आपलं काय चुकलं ते आठवतो, चांगलं असलं तरी. अनुपनं उभ्याउभ्याच फोडलं. त्या डोंगराची निगा राखणाऱ्या गिर्यारोहण संघाच्या शाखेनं लिहिलं होतं, की दोन वर्षं पुरायला हवी ती वही आपल्या मातोश्रींमुळे लवकर भरत आली आहे. तक्रार नाही. परंतु एवढं सविस्तर काय लिहिलं आहे ते समजून घ्यायला आवडेल. सोबत पानांच्या झेरॉक्सा जोडल्या होत्या.

“पाह्यलं?” कांताचा चेहरा उजळला. “इथं वाचतेत.”

अनुपनं झेरॉक्सा वाचल्या आणि पुन्हा पाकिटात कोंबल्या. ‘शिखर जागेवर आढळले’ हे जर्मनमध्ये कुठल्या तोंडानं सांगायचं? आडनावाखाली पत्ता त्याचा होता. ऑफिसात कळलं तर? त्यानं ते सगळं म्युनिकच्या मराठी मंडळाच्या चारुदत्तकडे सोपवलं. चारुदत्त सॉफ्टवेअरमध्ये होता, मंडळाचा सांस्कृतिक सचिव होता, जर्मनच्या वरच्या परीक्षा पास होता, आणि मुख्य म्हणजे प्रवासवर्णनं लिहायचा. मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी त्याचा हिमशिखरांवर लेख असे. सगळी शिखरं तो केबलकारनं सर करी आणि लेखात केबलकार तेवढी गाळी.

“अनुप, यात काव्य आहे रे!” त्याचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. “दडलेलं आहे, पण आहे. तू काळजी करू नकोस.”

आठवड्यात संघाचं दुसरं पत्र आलं. ते भारावून गेले होते. एकोणतीस जुलैला, रविवारी दुपारी, क्रेटेनश्टाइनच्या झोपडीतच आपल्या मातोश्रींचा सन्मान करण्याचं ठरवलं आहे.

“खुटीसाठी?” कांतानं विचारलं.

“हो, म्हणजे, सगळ्यासाठीच,” अनुप म्हणाला.

कांतानं नोकरीतली पांढरी साडी काढली, निळ्या काठाची. सन्मान तिला नको होता. खुंटी बसवणाऱ्या माणसाचं तोंड पाहायचं होतं.

झोपडीत साठ-सत्तर माणसं. पितळी वाद्यांचा बँड. भिंतीवर या शाखेचं आराध्य दैवत टांगलेलं: सव्वाशे वर्षांपूर्वीची एक विलायती मड्डम, घोळदार झगा, हातात काठी. ती या डोंगरावर पहिली चढली आणि तिनं त्यावर दोन खंडांचं प्रवासवर्णन लिहिलं. तिच्या आधी वर फक्त गुराखी जात, त्यामुळे ती पहिली. धम्मदीपानं खालची पाटी वाचून दाखवली: सोबत सात हमाल, दोन तंबू आणि एक आंघोळीचा टब.

“टब घेऊन चढली माय?”

“त्या नाही आई. हमालानं नेला.”

“मंग पैले कोण चढलं? टबवाला. नाव काय त्याचं?”

पाटीवर नाव नव्हतं.

येणारा-जाणारा कांतासमोर हात जोडत होता. बौद्ध आहे हे कुणीतरी सांगितलेलं, त्यामुळे तिच्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. एका बाईनं विचारलं, शिखरावर आपण किती वेळ ध्यान करता? चारुदत्तनं परस्पर उत्तर दिलं, आणि ते लांबलचक होतं. बाईनं डोळे मिटले.

टेबलावर छापील पत्रक होतं, चारुदत्तनं जर्मनमध्ये केलेल्या तिच्या शेऱ्यांचं. धम्मदीपा वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

“काय लिवलं?”

“आई, तुम्ही पाण्याची सोय नाही म्हणालात ना? इथं आहे, ‘तहान हीच माझी वाट.’ गायींचं झालंय, ‘वाटेवर करुणा रवंथ करते आहे.’”

“अन् खुटी?”

“‘दोर सैल होतो, तेव्हाच जीव मोकळा होतो.’”

“हे कोन म्हने?”

“तुम्ही.”

कांता उठली आणि सरळ चारुदत्तसमोर उभी राहिली. “भौ, दोर सैल झाला की जीव मोकळा होते हे खरं हाय. पण म्या ते बंद करा म्हणून लिवलं होतं.”

“काकू, भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द नसतं हो,” चारुदत्त समजुतीनं हसला. “मी तुमच्यातला भाव उलगडला.”

“म्या भाव नाई लिवला. खुटी लिवली. तिसरी अन् चौथी.”

“अहो, पण यांना हेच हवंय! खुंट्या बघायला त्यांची माणसं आहेत. जर्मनीत आहात तुम्ही.”

“हायेत तं पाह्यलं काऊन नाई?”

“आई, प्लीज,” अनुप मधे आला. “कार्यक्रम होऊ दे. उद्या मी व्यवस्थित मेल टाकतो.”

“चार वर्षं म्या बी कागदच टाकत होती,” कांता म्हणाली.

 बँड थांबला. शाखेच्या अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या. मड्डमनंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा एक स्त्री, पुन्हा घोळदार वस्त्र, पुन्हा लेखणी! टाळ्या झाल्या. कांताच्या पदराला चांदीचा बिल्ला टोचला गेला, आणि माईक पुढे आला. चारुदत्त सावरून उभा राहिला, पण कांतानं अनुपचा दंड धरला.

“तू सांग. जसंच्या तसं. साजशृंगार नाई.”

“आई...”

“जय भीम,” कांतानं सुरुवात केली. “या डोंगराच्या दोरीची तिसरी अन् चौथी खुटी सैल हाय. मानूस मरन.”

अनुपनं घसा खाकरला. “आल्झो,” तो जर्मनमध्ये म्हणाला, “माझ्या आईला इथं येऊन अतिशय आनंद...”

“अनुप!” मागच्या टेबलावरून धम्मदीपाचा आवाज आला, मराठीत, खणखणीत. “त्या काय म्हणाल्या तेवढंच सांग!”

सत्तर माना वळल्या. अनुपनं आईकडे पाहिलं. ती बोटं दाखवत होती. “दहा जूनले एक बोट हालत होती. चोवीसले दीड. आठ जुलैले दोन. चौथी हातानं फिरते, बुडाले गंज.”

अनुप बोटांचं काय करावं या विचारात पडला. जर्मनमध्ये बोटं चालत नाहीत. त्यानं मनात हिशेब केला. “दहा जूनला साधारण पंधरा मिलिमीटर,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच तोंडून आकडा ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. दारांच्या बिजागऱ्यांचे असे तक्ते त्यानं आयुष्यभर काढले होते. “आठ जुलैला तीस. चार आठवड्यांत दुप्पट.” आता तो कुणाची आई आणि कुणाची लाज हे विसरून बोलत होता. “याचा अर्थ दगडातली पकड सुटली आहे. आज एकोणतीस तारीख. मी असतो तर आत्ता कुणालाही वर सोडलं नसतं.”

लोकांनी हातातली पत्रकं खाली ठेवली.  

कोपऱ्यात बियरचा मग घेऊन बसलेला एक म्हातारा उठला. आइगनर नावाचा, संघातर्फे वाटांची देखभाल करणारा. त्यानं खिशातून पेन्सिल काढली. “खालून तिसरी?”

“गेनाऊ, बरोबर,” अनुप म्हणाला.

“आणि हे कधी कळवलं?”

“तीनदा. तुमच्याच वहीत.”

आइगनरनं पत्रकाकडे पाहिलं, मग चारुदत्तकडे पाहिलं, आणि पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर तिसरी-चौथी लिहून घेतलं. मग त्यानं पिशवीतून चार पानी फॉर्म काढला, कारण फॉर्माशिवाय या देशात डोंगरही मोडत नाही. कळवणाऱ्याचं नाव, जन्मतारीख, व्यवसाय. अध्यक्षबाईंनी पत्रकातली कविता वाचायला घेतली, पण लोक उठून फॉर्माभोवती जमले होते आणि खुंटी किती मिलिमीटरला धोकादायक धरावी यावर जोरात वाद चालला होता. चारुदत्त एकटाच टेबलाशी उरला. त्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यानं त्या कविता छापल्याच, ‘मुक्त आविष्कार’ म्हणून, स्वतःच्या नावानं. त्यातल्या गायी फार गाजल्या.

“कधी जातो म्हणे?” कांतानं विचारलं.

“आत्ता,” अनुप म्हणाला. “तू दाखवायला ये म्हणतोय.”

कांतानं पदर खोचला. आइगनर पुढे, कांता मागे, आणि समारंभाचे गुळगुळीत बूट घालून, पहिल्यांदाच झोपडीच्या वर पाऊल टाकलेला अनुप सगळ्यांच्या मागे, धापा टाकत.

कडेशी पोचायला तास लागला. समोरून एक जोडपं चार वर्षांच्या पोराला घेऊन दोर धरून येत होतं. आइगनरनं ओरडून त्यांना भिंतीला चिकटून यायला लावलं आणि एकेकाला हात देऊन अलीकडे घेतलं. मग त्यानं तिसरी खुंटी धरून हलवली. मान हलवली. चौथीला हात घातला, जरा पीळ दिला, आणि वाफ्यातला मुळा यावा तशी ती सबंध त्याच्या हातात आली.

त्यानं ती उलटी करून बुडाचा गंज पाहिला. पोराच्या आईनं पोराला उचलून घेतलं.

“पाह्यलं?” कांता एवढंच म्हणाली.

आइगनरनं लाल-पांढरी फीत काढली, वाटेच्या तोंडाशी आडवी बांधली, तिच्यावर पिवळी पाटी लटकवली. कांतानं पलीकडे पाहिलं. माथा दोनशे पावलांवर होता. तिच्या व्हिसाचे पंधरा-सोळा दिवस उरले होते.

“दुरुस्ती कधी होईन इचार.”

“सप्टेंबरच्या मध्यावर,” अनुपनं विचारून सांगितलं. “नवीन बोल्ट, मग तपासणी. त्याच्या आधी वाट उघडत नाही.”

सप्टेंबरच्या मध्यावर ती परतवाड्याला असणार होती, आणि पुढच्या वर्षीचा व्हिसा देणाऱ्याच्या मनात काय येईल ते कुणी सांगावं?

“मंग आता आलोच हाय तं वर जाऊन येऊ. दोरीले हात नाई लावत. म्या साकवावरून चाललेली बाई हाय.”

अनुपनं सांगितलं. आइगनरनं मान हलवली. वाट बंद आहे.

“अरे, पण बंद केली यानंच ना? त्याले कोन अडवते? सांग त्याले, म्या बी साहेबाच्या संग हाय.”

अनुपनं तेही सांगितलं. आइगनरला प्रश्नच कळला नाही. त्यानं दोनदा विचारलं, आणि मग, जणू लहान मुलाला समजावतोय अशा सुरात म्हणाला की बंद म्हणजे त्याच्यासाठीही बंद, त्यानं तर स्वतः बांधली आहे. मग तो फितीच्या अलीकडे एका धोंड्यावर बसला आणि डबा उघडून ब्रेड खायला लागला.

कांता त्याच्याकडे बघतच राहिली. न पोचता पोचलो म्हणून लिहिणारे साहेब तिनं एकतीस वर्षं पाहिले होते. दोनशे पावलांवर येऊन, स्वतःच्या हुकमापुढं गुमान बसलेला हा पहिलाच. तिला हसू आलं. माथ्याची हळहळ गेली नाही, पण हसू आलं.

आइगनरनं अर्धा ब्रेड पुढं केला. तो तिनं घेतला, उभ्यानंच खाल्ला. मग तिचं लक्ष फितीकडे गेलं. उजवीकडची गाठ ढिली बसली होती. तिनं ती सोडली, दुपदरी करून बांधली, ओढून पाहिली, आणि अजून धापा टाकत बसलेल्या अनुपला म्हणाली, “उठ. अन् पाय पाहून ठेव, ते बूट दारं आपटाचे हायेत.”